घडीची खुर्ची आणि बारा सेकंद

फोनवर बारा सेकंद कोणी बोललं नाही तर लाइन आपोआप तोडायची, ही युक्ती माझी. फोन होता जीव नकोसा झालेल्या माणसांसाठी. या युक्तीबद्दल कंपनीने मला काचेचं मानचिन्ह दिलं, आणि मी ते घेतलं.

ते अजून घरात आहे. बायको त्याच्याखाली मुलीच्या शाळेची पत्रकं दाबून ठेवते. मी ते दोनदा फेकून द्यायला निघालो. दोन्ही वेळा ती म्हणाली, "राहू दे. तुला अधूनमधून बघायला बरं."

ज्यांच्यामुळे मला त्या काचेकडे सरळ बघता येत नाही, त्या बाईंबद्दल सांगायचं आहे.

आमचं ऑफिस जुरोंग ईस्टला, एमआरटी स्टेशनसमोरच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला, वर उत्तरेकडे, जिथे एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला गाडीने अख्खा दिवस मोडतो, तिथल्या ॲबोरिजिनल लोकांसाठी, म्हणजे त्या देशाच्या मूळच्या रहिवाशांसाठी, एक हेल्पलाइन निघाली होती. फोन उचलणारी, ऐकणारी माणसं तिकडची, त्यांच्यातलीच. फोन कोणाकडे वळवायचा, किती वेळ चालला, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर मात्र आमचं. तिकडचं घड्याळ आणि सिंगापूरचं घड्याळ एकच वेळ दाखवतं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण मी. पुण्यात असताना मी पिझ्झा मागवायच्या फोनचं सॉफ्टवेअर केलं होतं, आणि मुलाखतीत साहेबांना सांगितलं होतं की फोनवरच्या माणसाच्या मनातलं मला बोलायच्या आधी कळतं.

मी तेच जुनं सॉफ्टवेअर उचललं आणि पिझ्झाच्या जागी दुःख घातलं. फोन लागला की आधी ध्वनिमुद्रित आवाज विचारायचा, 'आपल्याला कशाबद्दल बोलायचं आहे?' बारा सेकंदांत उत्तर आलं तर फोन ऐकणाऱ्या माणसाकडे जाणार. नाही आलं तर तोच गोड आवाज 'धन्यवाद' म्हणून लाइन बंद करणार. बारा सेकंदांत ज्याला पिझ्झा सांगता येत नाही त्याला भूक लागलेली नाही, हा त्यामागचा मूळ सिद्धांत. रिकामे फोन एकदम कमी झाले. साहेब खूश, मी खूश. तिकडे फोन उचलायला बसलेल्यांना पत्ताच नव्हता, कारण तुटलेले फोन त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते.

मग तिकडून त्या आल्या. हे सगळं त्यांच्या माणसांना मानवतंय का ते बघायला, सहा महिन्यांसाठी. ज्या वर्षी सुमात्राच्या जळत्या जंगलांचा धूर सिंगापूरवर येऊन बसला आणि हलेचना, त्या वर्षी.

साठी उलटलेली, ठेंगणी बाई. पांढरे केस बारीक कापलेले, अंगात जाड लोकरीचं जाकीट. (सिंगापूर गरम आहे असं म्हणणारे लोक इथल्या ऑफिसात बसलेले नसतात.) बगलेत एक घडीची खुर्ची, निळ्या कापडाची, मासे धरायला जाणारे लोक नेतात तशी. तीस वर्षं त्यांनी आपल्या लोकांची दुखणी ऐकली होती. मी 'मॅडम' म्हटलं. त्या म्हणाल्या, "आंटी." त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. सिंगापुरात तर भाजीवाली, सफाईवाली, शेजारीण, सगळ्याच आंटी. आठवड्याभरात त्या अख्ख्या इमारतीच्या आंटी झाल्या.

मी त्यांना फिरती खुर्ची दिली. नवी, चाकांची.

"ही फिरते," त्या म्हणाल्या.

"चारी बाजूंना!" मी एक गिरकी घेऊन दाखवली.

"म्हणूनच नको. हिच्यावर बसून कोणाचं ऐकता येत नाही. हिला सारखं दुसरीकडे जायचं असतं." आणि त्यांनी आपली निळी खुर्ची उघडून माझ्या शेजारी मांडली. समोर नव्हे, शेजारी. समोर बसून विचारणं हे पोलिसांचं काम, असं त्यांचं म्हणणं. साहेबांच्या केबिनमध्येही त्या टेबलाला वळसा घालून साहेबांच्या बाजूला जाऊन बसल्या. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. आमचे साहेब सिंगापूरचे चिनी, भले गृहस्थ, फक्त शांतता झाली की सर्व्हर बंद पडला असं त्यांना वाटायचं. दहा मिनिटांनी मी फाइल द्यायला आत गेलो, तर साहेब भिंतीला आपल्या आईच्या आजारपणाबद्दल सांगत होते. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं होतो. त्यांना आई आहे हे मला त्या दिवशी कळलं.

भेटेल त्याला त्यांचा पहिला प्रश्न, "तू कोणाचा?" गेटवरच्या तमिळ रखवालदाराला, पँट्री पुसणाऱ्या मलाय मकचिकला, म्हणजे मावशीला, मला. मी माझं पद सांगितलं. त्या थांबल्या. मी कंपनीत किती वर्षं आहे ते सांगितलं. त्या थांबूनच राहिल्या. शेवटी मी वडिलांचं नाव सांगितलं, मग गाव, मग आईचं माहेर. तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "हां. आता बोलू." आमची आत्या लग्नकार्यात अनोळखी माणसाला धरून "कुणापैकी तुम्ही?" विचारायची, आणि मी लाजेने पंगत बदलायचो. फोन करणाऱ्याची माहिती भरायला मी बनवलेल्या फॉर्मवर पहिला प्रश्न जन्मतारखेचा होता आणि दुसरा पोस्टाच्या क्रमांकाचा.

तो फॉर्म त्यांनी एक दुपारभर वाचला. 'आज कसं वाटतंय, एक ते दहा' इथे मी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांग काढली होती.

"तुझी आई कशी आहे? एक ते दहा," त्यांनी विचारलं.

वडील गेल्यापासून आई पुण्यात एकटी असते. मी आकडा शोधायला लागलो आणि मला तो सापडेना. त्यांनी पान उलटलं.

'समाज' या प्रश्नाखाली मी एकच चौकोन ठेवला होता. ॲबोरिजिनल, हो किंवा नाही. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "तू आणि तो गेटवरचा, दोघं एकच का?"

"छे! तो तमिळ. मी मराठी."

"म्हणजे मुंबईचा?"

"मुंबईचा नाही हो, पुण्याचा. आणि तसं बघितलं तर आमचं मूळ घराणं साताऱ्याकडचं, पण आम्ही..." मी पाच मिनिटं सांगत होतो. आमच्यात आणि शेजारच्या तालुक्यात आमटीत गूळ किती घालतात यावरून फरक कसा ओळखायचा तेही सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. बोट त्या एकट्या चौकोनावरून हललं नव्हतं. बोलता बोलता माझं लक्ष त्या बोटाकडे गेलं आणि गूळ तिथेच राहिला.

आणि बूमरँग. 'आम्ही तुम्हाला उलट फोन करू' या बटणावर मी बूमरँगचं चित्र टाकलं होतं. मला वाटलं, ही खरी सांस्कृतिक जाण. त्या म्हणाल्या, "आमच्या भागात ते परत येत नाही. शिकारीचं असतं. ज्याला लागतं तो पडतो." बटण त्या दिवशी गेलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि मी नेलं. घरी, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना, मित्रांत, आंटींच्या नकला करून दाखवल्या. मग एका मंगळवारी त्यांनी मला माझा आवडता तक्ता उघडायला सांगितला. महिन्याच्या फोनांचा गोल तक्ता, त्यात एक मोठा हिरवा भाग. हिरव्याचं नाव 'वाचलेला वेळ'.

"हा उघड."

"आंटी, त्यात काही नाही. रिकामे फोन आहेत ते."

"उघड."

उघडला. यादी खाली सरकत गेली. सगळे बारा सेकंदांचे. फोन करणाऱ्याचे नंबर झाकलेले, पण प्रत्येक नंबराला यंत्राने एकेक खूण दिलेली. आंटींनी चष्मा वर केला आणि एका खुणेवर नख टेकवलं. तीच खूण खाली पुन्हा होती. आणखी खाली पुन्हा. नऊ दिवसांत सहा वेळा. प्रत्येक वेळी दुपारी सव्वातीनच्या सुमाराला. प्रत्येक वेळी बारा सेकंद.

"नंबर काय आहे?"

"नाही कळणार." मी म्हणालो. "गुप्ततेसाठी उलटा रस्ता मी ठेवलाच नाही. कोणालाच काढता येत नाही." त्याबद्दलही माझं कौतुक झालं होतं, हे मी सांगितलं नाही.

"म्हणजे आपण त्या माणसाकडे जाऊ शकत नाही. तिकडून कोणाला पाठवू शकत नाही. ते माणूस आलं तरच."

"हो."

त्यांनी खुर्ची जराशी ओढली. दोघंही पडद्याकडे बघत बसलो. खिडकीबाहेर समोरच्या इमारती धुरात विरघळल्या होत्या. ऑफिसात कोणी ना कोणी खोकत होतं.

"तुमच्यात कोणी गेलं की काय करता?" त्यांनी विचारलं.

"समाचाराला जातो."

"म्हणजे काय करता?"

"त्या घरी जाऊन बसायचं. सतरंजीवर. घरातलं कोणी बोललं तर ऐकायचं. नाही बोललं तर नुसतं बसायचं. मग उठायचं. निघताना 'येतो' सुद्धा म्हणायचं नसतं."

"किती वेळ बसता?"

"अर्धा तास. जवळचं असेल तर तास, दीड तास."

"आणि घरातली माणसं काहीच बोलली नाहीत तर तुमचा वेळ वाया जातो?"

"नाही, नाही. आपण गेलो नाही तर मात्र ते जन्मभर लक्षात ठेवतात."

त्या गप्प राहिल्या. माझ्याने शांतता सोसवत नाही, म्हणून मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. मित्राचे वडील गेले तेव्हा मी त्याच्या घरी रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल पंचवीस मिनिटं बोललो, आणि दारातून खणखणीत आवाजात "चला, येतो पुन्हा!" म्हणालो. त्याच्या आईने तोंडाला पदर लावला होता. रडू होतं की हसू, ते मी विचारलं नाही.

आंटी हसल्या नाहीत.

"मला वाटलं होतं, तुला शिकवावं लागेल," त्या म्हणाल्या. "तुला तर माहीत होतं. तू ते घरी ठेवून आलास."

जरा वेळाने म्हणाल्या, "सहा वेळा ते माणूस दारात आलं. सहा वेळा तू दार लावलंस, वर धन्यवाद म्हणालास. सातव्यांदा येणारं माणूस शेवटचं येतं. किंवा येत नाही."

त्या संध्याकाळी मी बारा सेकंद काढून टाकले. तो गोड आवाजही काढला. फोन लागला की सरळ माणसाकडे. त्या खुणेचा फोन आला तर तो सिंगापूरला, आंटींकडेच वळवायचा, असं तिकडच्या लोकांशी बोलून ठरलं. पँट्रीशेजारी काचेची एक छोटी खोली होती, तिथे आंटींनी आपली निळी खुर्ची नेली.

बुधवारी सव्वातीन वाजले. साडेतीन वाजले. फोन नाही.

गुरुवारी नाही.

या दिवसांत त्यांनी मला एक काम दिलं होतं. अडीच ते तीन त्यांच्या शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही. पहिल्या दिवशी चाळिसाव्या सेकंदाला मी म्हणालो, "आज हवेचा आकडा बघितलात का? दोनशेच्या वर आहे." दुसऱ्या दिवशी तीन मिनिटं टिकलो, मग मला शिंक आली आणि त्या निमित्ताने मी धुरावर बोलून घेतलं. त्या म्हणाल्या, "माणूस गप्प असतं तेव्हा रिकामं नसतं. आत काहीतरी उचलत असतं. तू बोललास की त्याच्या हातून ते पडतं."

शुक्रवारी नाही. घरी मी जेवताना चकार शब्द काढला नाही. मुलगी म्हणाली, "पपा, व्हाय सो क्वाएट? सिक आह?" बायकोने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. शनिवार-रविवार मी फोनची यादी घरून बघत होतो. ती खूण नाही. सहा वेळा वाजवलेलं दार, आणि आता कोणी वाजवत नाही. मी दर तासाला बघत होतो. रविवारी आईला नेहमीसारखा फोन केला आणि नेहमीसारखा बारा-पंधरा मिनिटं बोललो. ठेवल्यावर लक्षात आलं, ती काय म्हणाली ते मला आठवत नव्हतं.

सोमवारी तीन वाजून अठरा मिनिटांनी माझ्या पडद्यावर ती खूण उजळली.

काचेतून दिसलं, आंटींनी हेडफोन लावला. त्यांची पाठ माझ्याकडे होती. काय बोलणं होतं ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. माझ्याकडे फक्त मिनिटांचा काटा आणि दोन हिरव्या रेषा. वरची रेषा आमच्या बाजूच्या आवाजाची, खालची पलीकडची. वरची रेषा चार-पाच सेकंद हलली. 'मी इथे आहे, घाई नाही,' एवढंच त्या म्हणत, हे मला माहीत होतं. मग दोन्ही रेषा सपाट झाल्या.

बारा सेकंद झाले. फोन चालू होता. मी श्वास सोडला.

एक मिनिट. तीन मिनिटं. रेषा सपाट. पाच मिनिटं. आंटींची पाठ हलत नव्हती. सहा मिनिटं. मला आठवलं की पिझ्झाच्या दिवसांत कोणी फोन नीट न ठेवता निघून गेलं तर लाइन अडकून राहायची. तेव्हा मी फार खाली, सर्व्हरच्या पोटात, आणखी एक नियम लिहिला होता. दोन्ही बाजूंनी सलग दहा मिनिटं आवाज आला नाही तर लाइन मेली असं समजायचं आणि सोडून द्यायची.

तो मी काढला नव्हता. तो आहे हेच मी विसरलो होतो.

बदलायचा तर सर्व्हर बंद करून चालू करावा लागणार. तसं केलं तर चालू असलेले सगळे फोन तुटणार, हाही. सात मिनिटं वीस सेकंद. मी त्यांच्या संगणकावर संदेश पाठवला, 'काहीतरी बोला.' त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. ऐकताना त्या पडद्याकडे बघत नसत, मीच ते साहेबांना तक्रार म्हणून सांगितलं होतं. आठ मिनिटं. खालची रेषा सपाट.

मी उठलो आणि पळालो.

साहेब समोरून चहा घेऊन येत होते. "व्हाय यू रन? फायर आह?"

काचेच्या दारापाशी पोचलो. आत जायचं नाही, हा आंटींचा एकमेव नियम. आत फोनवर कोण आहे, बाई की बुवा, एखाद्या बाईला परक्या पुरुषाची चाहूल चालेल की नाही, मला काही ठाऊक नव्हतं. काचेवर टकटक केली तर? हेडफोनमधून ती पलीकडे पोचेल एवढी मोठी असेल? आणि पोचली तर ते माणूस फोन ठेवेल? मनगटावर घड्याळ होतं. नऊ मिनिटं दहा.

मी दार ढकललं.

आंटींनी मागे न बघता एक हात वर केला. तळवा माझ्याकडे. थांब.

नऊ मिनिटं तीस. आता बोलायचं. काहीही. एक शब्द. जन्मभर मी लग्नात, मयतात, लिफ्टमध्ये, दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून बोललो होतो. मी तोंड उघडलं आणि मला एकही शब्द सुचेना. 'बोला' म्हणू? कोणाला? 'माफ करा' म्हणू? नऊ मिनिटं पंचेचाळीस. पन्नास.

मी खोकलो.

आधी मुद्दाम, एकदा. मग त्या धुराने भरलेल्या, अकराव्या मजल्याभर पळालेल्या घशाने ते मनावर घेतलं. मला थांबताच येईना. मी वाकून, भिंतीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकत होतो. जीव नकोसा झालेलं एक माणूस हजारो मैलांवर एका फोनला कान लावून बसलं होतं, आणि आमच्या बाजूने त्याला सात फोनांत पहिल्यांदा जे मनापासून ऐकू आलं ते हे.

वर केलेल्या हाताची बोटं दोनदा हलली. जा.

मी जागेवर येऊन बसलो. काटा अकराव्या मिनिटावर होता. लाइन चालू. वरच्या रेषेवर माझ्या खोकल्याचे काटेरी डोंगर उमटले होते. त्यांच्यापुढे सपाट. खालची सपाट. मग खालच्या रेषेला एक बारीकशी गाठ आली. मी खुर्चीच्या कडेला सरकलो. मग वरची थोडी हलली. मग पुन्हा दोन्ही सपाट, मिनिटभर, दोन मिनिटं. आणि मग खालची रेषा उठली आणि खाली बसलीच नाही.

एक तास सत्तेचाळीस मिनिटं. मधे एकदा चार मिनिटं दोन्ही रेषा झोपल्या, तेव्हा मी पुन्हा खोकायला जायच्या तयारीत उभा होतो. साहेबांनी न बोलता खोकल्याच्या औषधाची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली, आणि तेही तिथेच, माझ्या बाजूला, पडद्याकडे बघत उभे राहिले.

पाच वाजून गेल्यावर आंटी बाहेर आल्या. कप विसळला. जाकिटाची बटणं लावली.

"आंटी, ते..."

"आज नाही," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. दहा मिनिटांचा नियम मी त्याच संध्याकाळी काढला.  असे आणखी किती नियम मी कुठे कुठे लिहून विसरलोय, ते रात्रभर मोजत बसलो.

आंटींनी त्या फोनबद्दल अवाक्षर काढलं नाही. नाव नाही, गाव नाही, बाई की बुवा तेही नाही. माझ्यावर रागावल्या होत्या की नाही तेही कळेना. रागावल्या असत्या तर बरं, मी स्पष्टीकरण द्यायला तयार होतो. ती खूणही मी पुन्हा शोधू शकलो नाही, कारण आता तो फोन यादीत न येता सरळ त्यांच्या माणसांकडे जायचा. तशी सोय त्यांनी माझ्याकडूनच करून घेतली होती. चांगलं झालं की वाईट, हे कळायचा रस्ता मी दुसऱ्यांदा स्वतःच्या हाताने बंद केला.

महिन्याभराने वारं फिरलं आणि धूर गेला. एका सकाळी समोरच्या इमारतींना पुन्हा खिडक्या आल्या. त्या शनिवारी आंटींनी मला जुरोंग लेकच्या तळ्यावर बोलावलं. तिथे एका ठरावीक जागी मासे धरू देतात. त्यांची निळी खुर्ची होती, आणि शेजारी अगदी तशीच एक नवी, लाल. मी बसलो. दोघंही पाण्याकडे बघत होतो. त्यांच्या गळाला काही लागत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी निरोप आहे. विचारून आणलाय. एवढंच सांगायची परवानगी आहे."

"ते माणूस... आहे ना?"

"दर गुरुवारी फोन येतो."

मला काय वाटलं ते सांगण्यात अर्थ नाही. लाल खुर्चीचा दांडा मी दोन्ही हातांनी धरला होता एवढं आठवतं.

"त्या दिवशी तू खोकलास ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा पलीकडून पहिला शब्द आला. 'कोण आहे?' मी खोटं बोलत नाही. म्हटलं, ज्याच्या यंत्राने तुझा फोन सहा वेळा तोडला, तो आहे. त्याला बाहेर गप्प बसायला सांगितलं होतं. दहा मिनिटंही जमलं नाही त्याला."

"मग?"

 त्यांनी दोर थोडा गुंडाळला, पुन्हा सोडला. मी बोललो नाही. मनात मोजत होतो. बारा झाले, वीस झाले, चाळीस झाले. पलीकडच्या काठावर कोणाची तरी सायकल गेली. मी मोजणंही सोडून दिलं आणि नुसता बसून राहिलो, आणि मला वाटलं, जमलं की.

तेव्हा त्या म्हणाल्या, "पलीकडे खूप वेळ काही नाही. मग म्हणालं, 'बरोबर आहे. यंत्र बापावर गेलंय.'"